विचाराधीन

आमच्या सोसायटीत तीन प्रकरणं कधीच निकाली निघत नाहीत: पार्किंग, पाण्याची टाकी आणि मधुकाकांचा स्टीरिओ. पहिल्या दोन प्रकरणांत निदान भांडणं तरी होतात. तिसऱ्यात वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश तिघेही मधुकाकाच असल्यामुळे कामकाज अत्यंत सौजन्याने चालतं आणि दर वेळी पुढची तारीख पडते.

प्रश्न तसा साधा आहे. स्टीरिओ ठेवावा, सुधारावा की विकावा? चारचौघं असला प्रश्न एका रविवारात, दुपारच्या जेवणाआधी मिटवतात. पण मधुकाका पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेले. (खात्याचं नाव जलसंपदा झाल्याला जमाना झाला, पण काकांनी ते अजून मंजूर केलेलं नाही.) सिंचन भवनातल्या नोकरीत त्यांच्या हाडीमाशी एक गोष्ट मुरली: कागद हातात आला की त्यावर निर्णय घ्यायचा नसतो, तो वर सादर करायचा असतो. निवृत्तीनंतर सादर करायला वर कोणी उरलं नाही, एवढीच काय ती अडचण.

काकांच्या कपाटात या प्रकरणाची रीतसर फाईल आहे. खाकी पुठ्ठा, नाडी, वर ठसठशीत अक्षरात विषय: ‘संगीत संच (एक) ठेवणे / अद्ययावत करणे / विकणेबाबत’. आत पहिल्याच पानावर ‘वाचले’ या मथळ्याखाली टर्नटेबलच्या मूळ पावतीचा उल्लेख आहे. पावती जपानीत असल्यामुळे ती आजवर कोणीही वाचलेली नाही.

पावती जपानीत, कारण काकांचा मेहुणा मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो योकोहामाहून टेक्निक्सचं एसएल-१२०० मार्क टू घेऊन आला. घरात एचएमव्हीचा फिएस्टा असला तरी शेजारी कौतुकाने बघायचे, असे ते दिवस. त्यात हे धूड आलं. पट्टा नाही, गियर नाही; तबकडी थेट मोटरवर बसवलेली आणि वेगावर क्वार्ट्झचा पहारा. “पट्टाच नाही, तर तुटणार काय?” हे काकांचं वाक्य फाईलमध्ये ‘ठेवणे’ या बाजूला पहिल्या क्रमांकावर नोंदलेलं आहे.

फक्त मेहुण्याने आणलेलं यंत्र जपानच्या घरगुती बाजारासाठीचं होतं. तिथल्या भिंतीत १०० व्होल्ट, आपल्या भिंतीत २३०. मग काका मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. तो कोपऱ्यात बसून अखंड गुणगुणतो. कोणी त्याबद्दल तक्रार केली की काका शांतपणे म्हणतात, “आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून त्याचा सूर शंभरचा. पांढरी एकचा मंद्र पंचम अठ्ठ्याण्णवचा. दोनाचा तर फरक. तंबोऱ्याचे पैसे वाचले म्हण.” हिशेब अचूक आहे. त्या खोलीत पांढरी एकमध्ये गाणाऱ्याने आपला पंचम किंचित चढा ठेवला, तर कुणालाच त्रास होत नाही.

अँप्लिफायर मात्र देशी. त्या वेळी कोलकात्याचं सोनोडाइन, मुंबईचं कॉस्मिक अशी नावं कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी असत. काकांचं अँप कुणाचं ते मी सांगणार नाही, कारण त्याचं वय बघता पुढे जे येणार आहे त्यात बिचाऱ्या कंपनीचा काही दोष नाही. स्पीकर्स इतके उंच की त्यांच्यावर दर भाद्रपदात एकावर ज्येष्ठा आणि एकावर कनिष्ठा अशा गौरी उभ्या राहतात. टेपडेकही होता. ‘होता’ म्हणायचं, कारण आतले रबरी पट्टे कालांतराने वितळून त्यांची काकवी झाली. काकांनी तो पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला आहे. फाईलमध्ये त्याची स्थिती ‘सेवानिवृत्त’ अशी आहे.

आता मूळ मुद्दा. ठेवणे, सुधारणे आणि विकणे हे बाहेरच्याला तीन पर्याय वाटतात. काकांच्या सहवासात मला कळलं की ही एकाच गोल रस्त्यावरची तीन स्टेशनं आहेत. ते असं. संच विकायचा ठरवला, तर बरी किंमत यायला हवी. किंमत यायची तर तो चालू स्थितीत हवा. चालू स्थितीत हवा तर दुरुस्ती आली. दुरुस्ती झाली की तो इतका गोड वाजतो की विकणारा करंटा ठरावा. म्हणजे ठेवायचा. ठेवला की रोज ऐकला जातो, आणि रोज ऐकला की लक्षात येतं, बाकी सगळं सुधारलं पण अमुक एक भाग मागे पडलाय. तो भाग नवा आणायचा. नवा आला की जुना जास्तीचा झाला. जास्तीचा घरात कशाला, विकून टाकू. विकायचा तर बरी किंमत यायला हवी.

या वर्तुळावरून काका बऱ्याच प्रदक्षिणा घालून चुकले आहेत. स्पीकरच्या कोनाभोवती फोमची कडा असते. पंधरा-वीस वर्षांत दमट हवेने ती कुजते आणि बोट लावलं की भुगा होते. काकांनी विकण्यापूर्वीची डागडुजी म्हणून दोन्ही वूफर्सना नव्या कडा लावून घेतल्या. त्या रात्री मृदंगाची थाप अशी आली की खालच्या मजल्यावरचे आजोबा भजनाला बोलावलं समजून वर आले. विक्री रद्द. दुसऱ्या दिवसापासून ‘आता सुई कमी पडतेय’ असं सुरू झालं.

सुई हा स्वतंत्र अध्याय आहे. हिऱ्याची असली तरी ती झिजते; काहीशे तासांनी बदलावीच लागते. काकांनी तिची नोंदवही ठेवली आहे: तारीख, रेकॉर्ड, बाजू, मिनिटं. वही बघितली तर लक्षात येतं की सुई त्यांच्या नातवंडांनाही पुरेल. कारण काका कुठलीही रेकॉर्ड चार मिनिटांच्या वर वाजवतच नाहीत. किशोरीताईंचा भूप लावतात. आलापात गंधार जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच काका उठतात. “उजवीकडे किंचित खरखर आली का रे?” मग व्हॉल्यूमचा पॉट गरगर फिरवून मोकळा करायचा, पिना काढून पुसायच्या, पुन्हा लावायच्या, तराजूवर सुईचा दाब दीड ग्रॅम आहे ना ते बघायचं, आणि परत आलाप पहिल्यापासून. त्या घरात भूपाची बंदिश आजवर कोणी ऐकलेली नाही. आम्ही सगळे आलापापर्यंत पोचलेले रसिक.

पाहुणा आला की आधी ठिपके दाखवतात. टेक्निक्सच्या तबकडीच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि बाजूला एक लाल दिवा. वेग बरोबर असेल तर एक ओळ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. तबकडी फिरतेय, ठिपके थांबलेत, काका समाधानाने मागे टेकलेत, आणि रेकॉर्ड लावलेलीच नाही, असा कार्यक्रम मी बऱ्याचदा अनुभवला आहे. माणूस दमला असेल तर बरा असतो.

बाजारभावाचा अभ्यास तर काकांनी असा केला आहे की शेअर दलालाने शिकवणी लावावी. २०१० साली टेक्निक्सने ही टर्नटेबलं बनवणं थांबवलं. काकांनी टिप्पणी लिहिली: ‘उत्पादन बंद. यापुढे वस्तू दुर्मिळ होत जाऊन किंमत वाढेल. सबब विक्री तूर्त नको.’ २०१६ साली कंपनीने तेच नाव पुन्हा, भरभक्कम किमतीला बाजारात आणलं. काकांनी लिहिलं: ‘उत्पादन पुन्हा सुरू. यावरून मागणी असल्याचे सिद्ध होते. सबब विक्री तूर्त नको.’ २०१८ साली अमेरिकेच्या शूर कंपनीने रेकॉर्डच्या सुया आणि कार्ट्रिज बनवणं सोडून दिलं. काकांकडे शूरचंच कार्ट्रिज. घरात दोन दिवस सुतकी वातावरण होतं. मग शोध लागला की जपानची जिको ही कंपनी त्या मापाच्या सुया बनवते. ‘सुटे भाग उपलब्ध. विक्रीची निकड नाही.’ पुढे २०२० साली अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडीच्या पुढे गेली. ते कात्रण फाईलला लावून काकांनी खाली फक्त दोन ओळी ओढल्या. त्या दोन ओळींत जो विजय होता, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर पेन्शनवाढीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

जग चढो की उतरो, निष्कर्ष एकच. अर्थमंत्र्यांना हेवा वाटावा.

दुरुस्तीसाठी काकांचा एक ठरलेला मिस्त्री आहे, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. त्याच्याशी होणारी बातचीत मी एकदा प्रत्यक्ष ऐकली.

“काका, कंडेन्सर फुगलेत. सगळे बदलून टाकू?”

“सगळे नको. मूळ आवाज जाईल.”

“मूळ आवाज ठेवलात तर एक दिवस अँपच जाईल.”

काकांनी पाच मिनिटं विचार केला. समोरचा चहा थंड झाला. मग म्हणाले, “असं कर. डाव्या चॅनेलचे बदल. उजव्याचे मूळ राहू देत. म्हणजे तुलनात्मक अभ्यास करता येईल.”

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी काउंटरवरच्या रेझिस्टरांकडे बघितलं. त्याने डाव्या बाजूला नवे कंडेन्सर लावले, डाग दिले, पैसे घेतले, आणि बिलावर स्वतःहून लिहिलं: ‘ग्राहकाच्या आग्रहावरून’. तेव्हापासून काकांचा संच डाव्या कानाला तरुण आणि उजव्या कानाला ज्येष्ठ नागरिक आहे. जुनी नाट्यगीतं लावली की गायक दोन स्पीकर्सच्या मधोमध उभा राहायला हवा. तो हळूहळू डावीकडे सरकत खिडकीपाशी जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची फिरवून बसवून काका विचारतात, “कुठली बाजू आवडली?” डावी म्हणालं तर, “म्हणजे सुधारणा करावी म्हणतोस.” उजवी म्हणालं तर, “म्हणजे आहे तसं ठेवावं म्हणतोस.” दोन्ही उत्तरांची नोंद होते. समसमान झालं की निर्णायक मतासाठी आणखी कुणाला तरी बोलावलं जातं.

त्यांचा मुलगा सुहास नेदरलँड्समध्ये असतो. त्याने बापाच्या डोक्याला विसावा म्हणून हातात मावेल एवढं नवं अँप पाठवलं. ब्लूटूथ, छोटासा रिमोट, सगळं. फोनवर त्याने समजावलं, “बाबा, हे क्लास-डी आहे. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. तुमच्या जुन्यात बरीचशी नुसती उष्णता होऊन जाते.”

काकांनी ते अँप तळहातावर घेतलं, वरखाली केलं आणि परत खोक्यात ठेवलं. त्यांचा निकष ठाम आहे: जे उचलताना कंबर धरत नाही, ते अँप नव्हे. आणि उष्णतेचं म्हणाल, तर ती वाया जाते हे म्हणणं त्यांना मुळातच मान्य नाही. पावसाळ्यात तिच्यामुळे शेजारच्या कप्प्यातल्या रेकॉर्डवर बुरशी धरत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत काकू रात्री त्याच अँपवर विरजणाचं पातेलं ठेवतात. दही असं लागतं की सुरीने कापावं. “सुहासला विचार,” काका मला म्हणाले, “क्लास-डीवर दही लागतं का?”

काकूंची या प्रकरणातली भूमिका मला बराच काळ कळली नव्हती. त्या कधी ‘विका एकदाचं’ असं म्हणाल्या नाहीत, की ‘ठेवा’ असंही नाही. गौरी, दही आणि स्पीकरवरचं क्रोशाचं आच्छादन एवढ्यापुरताच त्यांचा संबंध, असं मी धरून चाललो होतो.

मधल्या काळात खरेदीदारही येऊन गेले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काकांची ऊठबस जुनी. नोकरीत असताना सिंचन भवनातून जेवणाच्या सुट्टीत चालत जाता यायचं. तिथल्या ओळखीतून एक हिंजवडीचा मुलगा आला. अंगात टीशर्ट, बोलण्यात नम्रता, खिशात पैसे. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि प्रश्नावली सुरू केली. फ्लॅट कितव्या मजल्यावर? पश्चिमेचं ऊन आत येतं का? घरात लहान मूल? मांजर? पावसाळ्यात महिनाभर गावाला जायची सवय? पोरगा सगळ्यात पास होत गेला. शेवटी काकांनी विचारलं, “ऐकतोस काय?”

“लो-फाय, काका. काम करताना बरं पडतं.”

काकांनी फाईल मिटली. “हायफाय विकत घेऊन त्यावर लो-फाय ऐकणार?” त्याला त्यांनी चिवडा-लाडू देऊन अत्यंत प्रेमाने घालवलं. जाताना एक फुकट सल्लाही दिला: तुझ्या आजोबांच्या घरी एखादं जुनं यंत्र पडलंय का बघ. तसं ते खरोखरच सापडलं. आता तो महिन्यातून एकदा काकांना फोन करून विचारतो, ठेवू की विकू? काका त्याला फाईल कशी लावायची ते शिकवताहेत.

आणि मग पुनर्विकास आला. बिल्डरने तारीख दिली, सगळ्यांनी भाड्याची घरं बघायला घेतली. काकांना मिळालेलं घर दोन छोट्या खोल्यांचं, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. ‘वस्तुस्थितीत मूलभूत बदल’ अशी नोंद झाली. काकांनी मला त्रयस्थ सदस्य म्हणून बोलावून घेतलं आणि जड आवाजात सांगितलं, “या रविवारी अंतिम.”

रविवारी खरोखरच एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे, अबोल गृहस्थ. त्यांनी ठिपके बघितले, मान डोलावली. भूप लावला तेव्हा डोळे मिटून बसले. काका चौथ्या मिनिटाला उठायला लागले, तेव्हा त्यांनी हातानेच ‘बसा’ अशी खूण केली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बंदिश ऐकली. रेकॉर्डची बाजू पुरी झाल्यावर त्यांनी किंमत विचारली. काकांनी सांगितली. गृहस्थ म्हणाले, “ठीक आहे. संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो.”

ते गेल्यावर काका बराच वेळ खुर्चीत बसून होते. मला वाटलं, दुःख झालं. पण नाही. “घासाघीस केली नाही रे त्याने,” ते म्हणाले. “म्हणजे आपण कमी सांगितली.”

संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, टेम्पो आला नाही. नऊ वाजता काकांनी फाईल उघडून लिहिलं, ‘खरेदीदार अनुपस्थित. प्रकरण पुढे चालू.’ आणि पोटभर जेवले.

मी घरी निघालो तशा काकू कचऱ्याची पिशवी घेऊन माझ्याबरोबर जिना उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “आला होता रे तो. टेम्पो गेटापर्यंत आला होता.”

“मग?”

“मीच गाठलं त्याला. खोटं नाही हो बोलले. म्हटलं, वस्तू उत्तम आहे, खुशाल न्या. फक्त हे आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे येतील. एकदा सुईचं वजन करायला, एकदा उजवीकडची खरखर ऐकायला. जेवायला थांबतातच असं नाही. त्याने तिथल्या तिथे टेम्पो वळवला.”

मी थक्क झालो. म्हटलं, “काकू, अहो तुम्हालाच तर अडचण होते ना त्या पसाऱ्याची!”

“अडचण?” काकू म्हणाल्या. “तुला आठवतं, अँप आठवडाभर तपकीर गल्लीत होतं? त्या आठवड्यात हे स्वयंपाकघरात होते. एकेका डब्याला लेबल लावलं. मोहरी, आरंभीची शिल्लक अमुक ग्रॅम. फोडणी घातली की ‘खर्ची’ म्हणून वहीत सही करायची. चौथ्या दिवशी हिंगात तूट निघाली तर माझा खुलासा मागवला यांनी. लेखी.” त्यांनी पिशवी डब्यात टाकली आणि हात झटकले. “हिंजवडीचा तो मुलगा तर चांगलाच होता बिचारा. पण त्यालाही जिन्यात मीच सांगितलं होतं, लो-फाय म्हण म्हणून.”

पुढच्या आठवड्यात भाड्याच्या घरी काय न्यायचं त्याची यादी काकूंनी स्वतः केली. पहिल्याच ओळीत, गॅसच्या शेगडीच्याही आधी, लिहिलं: ‘संगीत संच, एक. सोबत नेणे.’ आणि यादी काकांसमोर ठेवली. काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, खिशातलं पेन काढलं आणि समासात वळणदार अक्षरात शेरा मारला: ‘पाहिले. चर्चा करावी.’